आधी सेवा, मग निर्णय : आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे शेवटचे दिवस

४ जून हा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा स्मृतिदिन. 'भगवान बुद्ध' हे त्यांचे पुस्तक आपल्या अनेक घरांत आणि विहारांच्या कपाटांत असते. पाली शिकणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला कधी ना कधी त्यांच्या पुस्तकांकडे वळावे लागते. पण कोसंबी कसे गेले हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४७ साली, वयाची सत्तर वर्षे उलटल्यावर, वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात त्यांनी अन्न सोडून मृत्यू पत्करला. आयुष्यभर बुद्धाचा धम्म शिकवणाऱ्या माणसाने असा निर्णय का घेतला? त्या वेळी त्यांच्या आसपासच्या माणसांनी काय केले? घराघरात म्हातारे आईवडील अंथरुणाला खिळलेले असताना हा प्रश्न आज आपलाही आहे.

साखवळचा तरुण

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवळ गावी, एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. शाळेतले शिक्षण जेमतेम, नारळीच्या बागायतीचे काम अंगावर, आणि वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी बालाबाईंशी लग्न. अशा बेताच्या आयुष्यात त्यांच्या हाती एक मराठी बालमासिक आले. त्यातले बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचून हा तरुण आतून हलला. ज्या माणसाचा धर्म या देशात जन्मला त्याच्याविषयी आपल्याला काहीच माहिती नाही, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना.

१८९९ च्या अखेरीस, थोरली मुलगी माणिक तान्ही असताना, ते घर सोडून निघाले. पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. पुढे काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म पाहायला म्हणून १९०२ मध्ये नेपाळला गेले आणि निराश होऊन परतले. बोधगयेहून कलकत्ता आणि तिथून श्रीलंका असा प्रवास झाला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्खू झाले, ध्यान शिकले. सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही ठिकाणे बरीचशी पायी हिंडले.

या प्रवासाची किंमत घरी बालाबाईंनी मोजली, हेही लिहायला हवे. सुमारे सात वर्षे त्या लहान मुलीला घेऊन एकट्या राहिल्या. थोर माणसांच्या चरित्रांत ही बाजू एका ओळीत उरकली जाते.

शिकवणारा माणूस

१९०६ मध्ये कोसंबींनी चीवर उतरवले. जे शिकलो ते लोकांना द्यायचे तर गृहस्थ होऊन शिकवणे बरे, असे त्यांना वाटले. कलकत्त्यात ते पाली शिकवू लागले. तिथली चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचे महिना ५० रुपयांचे मानधन स्वीकारले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता येणार होते. मुंबई विद्यापीठात पाली विषय सुरू व्हावा म्हणून भांडारकरांबरोबर त्यांनीही खटपट केली. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली.

त्यांच्या विद्वत्तेचे मोठे काम अमेरिकेत झाले. आचार्य बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' हा थेरवाद परंपरेचा आधारग्रंथ. त्याची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिली होती. ती पुरी करण्यासाठी कोसंबी १९१० ते १९३२ या काळात चार वेळा हार्वर्ड विद्यापीठात गेले. ही आवृत्ती छापून बाहेर आली १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. ज्या बुद्धघोषांच्या एका ग्रंथावर त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांच्याच नावावर असलेला आणखी एक ग्रंथ कोसंबींच्या शेवटाशी जोडून वाचावा लागतो. त्याकडे पुढे येऊ.

मधल्या काळात ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते, १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगातही गेले. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या गिरणगावात, श्रमिक आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीसाठी त्यांनी बहुजन विहार उभा केला. पैसा बिर्लांचा होता आणि कोसंबी गांधीजींच्या निकटचे होते, म्हणून आंबेडकरी चळवळीत त्यांच्याकडे थोड्या अंतरावरूनच पाहिले गेले. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा बुद्धीला पटत नाही, त्यामागे शाक्य आणि कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा असावा, हा विचार कोसंबींनी मराठीत आधी मांडला होता. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात रोहिणीच्या पाण्याचाच प्रसंग गृहत्यागाचे कारण म्हणून घेतला.

दोहरीघाटचे उपोषण

चाळीसच्या दशकात शरीर थकले. आजार जडले. मुले आपापल्या पायांवर उभी होती. मुलगा दामोदर गणिती म्हणून नाव मिळवत होता आणि पुढे इतिहासकार म्हणूनही गाजला. म्हणजे कोसंबी निराधार नव्हते, त्यांना कोणी टाकलेले नव्हते. पण आपल्या हातून होण्यासारखे काम झाले, आता या देहाचा कोणाला उपयोग नाही, उलट दुसऱ्यांनी आपले करत बसावे लागेल, असे त्यांच्या मनाने घेतले.

उत्तरायुष्यात ते जैन परंपरेतल्या पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा अभ्यास करत होते. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांतून श्रमण परंपरा वाढली आणि बुद्धाची वाटही तिथूनच पुढे गेली, असे त्यांचे मत झाले होते. त्यावरचे त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. याच जैन परंपरेत सल्लेखना आहे : देह थकल्यावर हळूहळू अन्न सोडून मृत्यू स्वीकारणे. गंमत अशी की प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराविषयी लिहिले म्हणून काही वर्षांपूर्वी याच कोसंबींवर जैन समाजातून मोठी टीका झाली होती. टीकेने ते बदलले नव्हते. पण जैनांच्या सल्लेखनेचा मार्ग त्यांनी स्वतःसाठी निवडला.

१९४६ मध्ये उत्तर प्रदेशात शरयूकाठच्या दोहरीघाट इथे त्यांनी उपोषण सुरू केले. ही बातमी गांधीजींपर्यंत पोहोचली. गांधीजींनी त्यांना उपोषण थांबवायला सांगितले आणि कोसंबींनी तो शब्द मानला. पण तोवर शरीराची हानी झाली होती. मोडलेली प्रकृती पुन्हा सावरली नाही.

दोहरीघाटचा निर्णय त्यांनी जवळजवळ एकट्याने घेतला होता, घर आणि मित्रांपासून दूर. जवळच्या माणसांना कळले तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली होती. त्यामुळे त्यांना करता येण्यासारखे एकच उरले : थांबा म्हणणे. सेवाग्रामला घडले ते वेगळे होते.

सेवाग्राम

१९४७ मध्ये कोसंबी सेवाग्रामला आले. गांधीजींचा आग्रह होता की आधी निसर्गोपचार करून पाहावा आणि हवापाणी मानवेल अशा ठिकाणी राहावे. कोसंबींनी तेही मान्य केले. पण देह सोडण्याचा विचार त्यांच्या मनातून गेला नव्हता. आता तो लपलेलाही नव्हता. आश्रमात सगळ्यांना माहीत होता, गांधीजींशी त्यावर पत्रांतून बोलणे चालू होते. अन्न पचत नाही, शरीर साथ देत नाही हे दिसू लागल्यावर गांधीजींनीही आपला विरोध सैल केला. त्यांच्या सेवेची जबाबदारी आश्रमातल्या बलवंतसिंह आणि इतर आश्रमवासीयांनी घेतली.

मे महिन्यात कोसंबींनी पुन्हा अन्न सोडले. सुमारे महिनाभर ते तसे होते. मन शांत होते, कोणावर राग नव्हता. आपल्या अंत्यविधीवर कमीत कमी खर्च व्हावा, एवढे त्यांनी सांगून ठेवले होते. आणखी एक इच्छा होती, ती मात्र धम्मासाठी : भारतातल्या तरुणांना श्रीलंकेला पाठवून पाली आणि बौद्ध धर्माचे शिक्षण द्यावे. स्वतः कोलंबोला ज्या वाटेने गेले ती वाट पुढच्यांसाठी खुली राहावी असे त्यांना वाटत होते.

४ जून १९४७ रोजी ते गेले. आदल्याच दिवशी देशाच्या फाळणीची योजना जाहीर झाली होती. त्या धामधुमीत एका पाली पंडिताच्या मृत्यूकडे कोण पाहणार? गांधीजी दिल्लीत होते. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत ते कोसंबींविषयी बोलले. स्वतःचा डंका न पिटणाऱ्या माणसाची दखल आपला समाज घेत नाही, अशी खंत त्यांनी व्यक्त केली.

विनय काय सांगतो?

आता आपल्यासमोरचा प्रश्न. कोसंबींचा हा निर्णय बुद्धाच्या शिकवणीत बसतो का?

विनयपिटकातला तिसरा पाराजिक नियम माणसाचा जीव घेण्याविरुद्ध आहे. मरणाची स्तुती करून दुसऱ्याला मरायला उद्युक्त करणेही त्यातच येते. आजाऱ्याची दया येऊन काही भिक्खूंनी त्याच्यापुढे मरणाची महती गायिली, तो प्रसंगही विनयात आहे, आणि दयेपोटी केले म्हणून त्यांचा दोष माफ झालेला नाही. तेव्हा म्हाताऱ्या किंवा आजारी माणसापुढे तो सुटला तर बरे असे बोलणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा.

विनयाची अट्ठकथा 'समन्तपासादिका' परंपरेने बुद्धघोषांच्या नावावर आहे. तिच्यात आजारी भिक्खूने अन्न सोडण्याविषयी स्वतंत्र विचार आहे. औषध मिळत आहे, सेवा करणारे आहेत, तरीही मरायचे म्हणून कोणी अन्न सोडले तर तो दोष. पण आजार मोठा आणि दीर्घ आहे, कितीही जपले तरी हा देह टिकणारा नाही, सेवा करणारे भिक्खू थकून गेले आहेत, अशा वेळी आजाऱ्याने अन्न आणि औषध सोडले तर ते चालते. म्हणजे ही परंपरा सरसकट हो म्हणत नाही, सरसकट नाहीही म्हणत नाही. ती आधी विचारते : उपचार झाला का? सेवा मिळाली का? बरे होण्याची आशा उरली आहे का?

हीच कसोटी कोसंबींना लावली तर दोहरीघाट आणि सेवाग्राम यांतला फरक स्पष्ट होतो. दोहरीघाटला सेवा आणि उपचार यांची शक्यता अजून शिल्लक होती. सेवाग्रामला उपचार करून पाहिला होता, सेवा करणारी माणसे उशाशी होती, शरीर परतणार नाही हे दिसत होते. तरीही ज्याला त्यांचा शेवटचा निर्णय पटत नाही, त्याच्या बाजूनेही धम्मात बळकट आधार आहे. भगवान बुद्धांना शेवटच्या वर्षावासात बेलुव गावी प्राणांतिक आजार झाला. सेवकांना आणि संघाला न सांगता जाणे योग्य नाही, असा विचार करून त्यांनी निर्धाराने तो आजार सोसला. पुढे अखेरच्या भोजनानंतर प्रकृती बिघडली, तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये याचीही काळजी त्यांनी घेतली. स्वतः जाताना मागे राहणाऱ्यांचा विचार त्यांनी सोडला नाही. बाबासाहेबांचेही तसेच. मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी शरीर पोखरलेले असताना त्यांनी नागपूरची धम्मदीक्षा पार पाडली आणि ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीपर्यंत ते आपल्या ग्रंथाच्या कामात होते.

आणि सेवेचे काय? महावग्गात अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो दुसऱ्यांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाबरोबर त्याला स्वतः आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि आजाऱ्याची सेवा ही संघाचीच जबाबदारी असल्याचे भिक्खूंना बजावले. चांगला शुश्रूषक कसा असावा तेही सांगितले : औषध तयार करता येणारा, पथ्य-अपथ्य जाणणारा, लाभासाठी न करता मैत्रीभावाने करणारा, मलमूत्र आणि ओकारी उचलताना किळस न करणारा, धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवणारा. आजाऱ्यानेही दुखणे वाढते आहे की उतरते आहे हे सेवा करणाऱ्याला खरे सांगावे, असे तिथे म्हटले आहे.

आज आपण काय करायचे?

आपण कोणाचे ओझे झालो आहोत, ही भावना कोसंबींसारख्या विद्वानाला चुकली नाही. मग गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या बाबांना, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पॅरालिसिस होऊन पडलेल्या आजीला ती किती छळत असेल? त्यांनी औषध नको म्हटले तर तो खरोखर त्यांचा निर्णय आहे की घरातली ओढाताण पाहून घेतलेली माघार आहे, हे सेवा केल्याशिवाय कळत नाही. म्हणून सेवा आधी.

कायदाही आता काही प्रमाणात बदलला आहे. मुंबईच्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय प्रथम मोठ्या प्रमाणावर हाताळला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, असे माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा डॉक्टरांची दोन मंडळे निर्णय तपासतात. उपोषणाने मृत्यू हा वेगळा विषय आहे. जैनांच्या संथाऱ्याला राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आत्महत्या ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली.

उपचार थांबवले म्हणजे सेवा थांबली असे होत नाही. वेदना कमी करणे, जखमा स्वच्छ ठेवणे, श्वासाचा त्रास हलका करणे, घरच्यांना धीर देणे याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. टाटा रुग्णालयात या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. केरळने २००८ मध्ये यासाठी सरकारी धोरण आणले. तिथे गावोगावचे स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन नर्सबरोबर आजाऱ्यांच्या घरी जातात.

हे आपल्या विहारांतून का होऊ नये? आपल्याकडे विहार आहेत, महिला मंडळे आहेत, वर्षावासात रोज जमणारी माणसे आहेत, जयंतीला रात्र रात्र राबणारी पोरे आहेत. वस्तीत अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत याची यादी करता येईल. आठवड्यातून एकदा दोघांनी जाऊन कुशी बदलायला, आंघोळ घालायला मदत करता येईल, म्हणजे रात्रंदिवस करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला चार तास झोप मिळेल. जवळच्या सरकारी रुग्णालयात वेदनेवरचे औषध मिळते का, याचा पाठपुरावा करता येईल. विहारात एखाद्या रविवारी डॉक्टर आणि वकिलाला बोलावून लिव्हिंग विल समजावून घेता येईल. आईवडिलांना ते चालतेबोलते असतानाच विचारता येईल की शेवटी कुठे राहायला आवडेल, काय नको आहे, कोणाचा शब्द मानायचा.

एक गोष्ट तरुणांसाठी. निराशेने, अपमानाने किंवा एकटेपणाने जगणे नकोसे वाटणे आणि आयुष्याच्या शेवटी देह थकणे या दोन गोष्टी एक नाहीत. मन तसे झाले असेल तर मित्राशी बोला, टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. त्यावर उपचार आहे.

यंदा ४ जूनला विहारात कोसंबींच्या प्रतिमेला पुष्प वाहिल्यावर 'भगवान बुद्ध'मधली काही पाने वाचावीत. मग वस्तीतल्या एखाद्या आजारी माणसाच्या घरी जाऊन बसावे, आणि त्यांना काय हवे आहे ते विचारावे.